टाक्यांच्या पलीकडे

फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालेल्या माणसाला भेटायला आलेले लोक पहिला प्रश्न ऑक्सिजनचा विचारतात. "सॅच्युरेशन किती?" मी ९७ किंवा ९८ म्हटलं की त्यांचे चेहरे खुलतात. करोनाने हा आकडा घराघरात पोचवला, त्यामुळे तो बरा असला की सगळं बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑपरेशननंतरची माझी सगळ्यात मोठी दुखणी उद्भवली ती हा आकडा उत्तम असताना. रक्तात ऑक्सिजन भरपूर होता. तो कमी पडत होता श्वासनलिकेच्या भिंतीला, टाक्यांच्या पलीकडच्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात. जिथून दिवसरात्र हवा ये-जा करते त्या नळीलाच ऑक्सिजन कमी कसा पडेल, असं शिकलेली माणसंही विचारतात. त्याचं उत्तर मला ज्या क्रमाने कळत गेलं त्याच क्रमाने इथे सांगते. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलेल्या कुटुंबांना ते आधी ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी पुण्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. कोथरूडच्या आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये वर्षानुवर्षं कबुतरांचा वावर होता. आधी कोरडा खोकला लागला, मग जिना चढताना धाप, मग फळ्यावर लिहिता लिहिता वाक्य मध्येच तुटायला लागलं. निदान झालं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पिसांमधली आणि विष्ठेमधली प्रथिनं श्वासावाटे जात राहतात, शरीर त्यांच्याविरुद्ध पेटून उठतं आणि त्यात फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात. भारतातल्या अशा रुग्णांच्या नोंदींचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फुप्फुसं कडक होणाऱ्या आजारांमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त, जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये, आढळला होता. आम्ही जाळ्या लावल्या, घर बदललं, स्टिरॉइड घेतली; पण कडक झालेला भाग परत मऊ होत नाही. कॉन्सन्ट्रेटरची नळी नाकात आली आणि तिच्या लांबीएवढंच माझं घर उरलं. शेवटी आमच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचं नाव काढलं. त्या काळात देशातली बहुतेक फुप्फुस प्रत्यारोपणं चेन्नईत होत. दात्याच्या शरीरातून काढलेली फुप्फुसं काही तासांतच बसवावी लागतात, म्हणून फोन आल्यावर पुण्याहून निघणं चालणार नव्हतं. राहतं घर गहाण पडलं, माझी पीएफची रक्कम निघाली, आणि आम्ही दोघं हॉस्पिटलपासून जवळ एक खोली घेऊन राहिलो.

फोन आला तेव्हा चेन्नईत परतीचा पाऊस कोसळत होता. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी मेंदूमृत्यूचं निदान सांगितलं गेलं होतं आणि तशा अवस्थेत त्या लोकांनी अवयवदानाच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. नियमाप्रमाणे त्यांचं नाव आम्हाला कळत नाही. पुढे जे जे सोसलं त्यात मला धरून ठेवणारी एक गोष्ट हीच होती, की या फुप्फुसांची नीट निगा राखण्याची जबाबदारी आता माझी आहे.

दोन्ही फुप्फुसं बदलायची असली तर हल्ली ती एकापाठोपाठ एक बसवतात. छातीच्या तळाशी आडवा छेद घेतात आणि प्रत्येक बाजूला तीन जोड करतात: फुप्फुसाकडे जाणारी धमनी, तिथून हृदयाकडे येणारा शिरांचा भाग आणि श्वासवाहिनी, म्हणजे ब्रॉन्कस. पैकी रक्ताच्या दोन्ही जोडांतून क्लॅम्प काढताच रक्त वाहू लागतं आणि ते लगेच कामाला लागतात. श्वासवाहिनीच्या जोडाचं तसं नसतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पहिले काही दिवस नवी फुप्फुसं सुजली. प्रत्यारोपणानंतर हे बऱ्याच जणांना होतं. डॉक्टर त्याला प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन म्हणतात. त्यामुळे व्हेंटिलेटर लवकर निघाला नाही. निघाला तेव्हा मी दोन पावलं चालले, बोटाला ऑक्सिमीटर होता, नाकात नळी नव्हती, आणि आकडा ९६. काचेपलीकडे उभे असलेले आमचे हे मास्कच्या आत रडत होते. वर्षानुवर्षं ८५ला घाबरत जगलेल्या घराला ९६ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर काही दिवसांनी वॉर्डात दुर्बीण घातली. ब्रॉन्कोस्कोपीला सगळे रुग्ण 'दुर्बीण'च म्हणतात. आधी घसा बधिर करणारा लिग्नोकेनचा फवारा मारतात. तो जहर कडू असतो आणि पाच मिनिटांत जीभ तोंडात असल्याचंच कळेनासं होतं. मग झोपेचं इंजेक्शन. नंतरचे दोनेक तास पाणीसुद्धा देत नाहीत, कारण बधिर घशातून ते फुप्फुसात उतरू शकतं. संध्याकाळी रिपोर्ट आला, त्यावर आतले रंगीत फोटो छापलेले होते. ते मी अजून जपून ठेवले आहेत. एका फोटोत निळसर टाक्यांची गोल रांग दिसते. टाक्यांच्या अलीकडची भिंत माझी स्वतःची: गुलाबी, ओलसर, बारीक लाल रक्तवाहिन्यांची जाळी स्पष्ट दिसणारी. टाक्यांच्या पलीकडची भिंत दात्याकडून आलेली: करडी, ठिकठिकाणी काळपट, वर पिवळट पापुद्रा. एकाच नळीचे सलग दोन भाग, मध्ये एक धाग्याची रेघ, आणि रंगात एवढा फरक. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला त्या फोटोचा अर्थ विचारावा लागला नाही. पलीकडचा भाग जगण्यासाठी धडपडत होता.

"अम्मा, जोड धरलाय," तरुण डॉक्टर हिंदी-इंग्रजी मिसळून म्हणाले, "पण पुढच्या भागाला रक्त कमी पोचतंय. इस्केमिया. नवीन रक्तवाहिन्या येईपर्यंत सांभाळावं लागेल."

"पण माझा ऑक्सिजन तर ९७ आहे," मी म्हटलं.

"तो बोटातल्या रक्ताचा. तुमच्या ब्रॉन्कसच्या भिंतीला ते रक्त मिळत नाहीये."

त्यांनी रिपोर्टच्या मागच्या बाजूला पेनाने चित्र काढलं. रक्ताभिसरणाचं चित्र मी फळ्यावर कितीदा काढलं असेल. शुद्ध रक्ताला लाल खडू, अशुद्धाला निळा. मुलांना एक अपवाद आवर्जून पाठ करून घ्यायचे, परीक्षेत हमखास विचारतात म्हणून: सगळ्या धमन्या शुद्ध रक्त वाहून नेतात, फुप्फुसधमनी मात्र अशुद्ध. डॉक्टरांच्या चित्रात आणखी एक बारीक रेघ होती, शालेय पुस्तकात नसणारी. फुप्फुसाला खरं तर दोन बाजूंनी रक्त मिळतं. फुप्फुसधमनीतलं रक्त येतं ते ऑक्सिजन घ्यायला. श्वासनलिकांच्या भिंतींना पोसायला महाधमनीतून वेगळ्या, अगदी बारीक धमन्या निघतात. त्यांना ब्रॉन्कियल धमन्या म्हणतात. त्या शुद्ध रक्त आणतात. दात्याकडून फुप्फुस काढताना या धमन्या कापल्या जातात आणि रुग्णात बसवताना त्या सहसा परत जोडत नाहीत. त्यांची जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर, जागा आणि संख्या माणसागणिक वेगळी, आणि त्या शोधून जोडायच्या तर ऑपरेशनचा वेळ वाढतो. कोपनहेगन आणि क्लीव्हलंडच्या काही सर्जनांनी ते करून दाखवलं आहे, पण जगभर ती सर्वसाधारण पद्धत झालेली नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय बसवताना त्यांचा शुद्ध रक्ताचा पुरवठा पूर्ववत केला जातो. नेमाने केल्या जाणाऱ्या या प्रत्यारोपणांमध्ये फुप्फुस हा एकच अवयव असा, की त्याच्या वाट्याची ही धमनी तुटलेलीच राहते.

मग टाक्यांच्या पलीकडचा भाग जगतो कशावर? फुप्फुसधमनीच्या केशवाहिन्यांतून उलट्या दिशेने झिरपत येणाऱ्या रक्तावर. म्हणजे ज्या निळ्या खडूच्या रक्ताबद्दल मी मुलांना अपवाद म्हणून शिकवत होते, तेच आता माझ्या श्वासवाहिनीचं अन्न होतं. त्यात ऑक्सिजन सुमारे ७५ टक्केच, आणि तेही कमी दाबाने येणारं. कालव्याच्या टेलला शेत असलेल्या माणसाला जसं वरच्यांचं भागल्यावर उरलेलं पाणी मिळतं, तशी ही गत. माझी फुप्फुसं सुरुवातीला सुजलेली असल्याने हा उलटा झिरपा आणखीच मंदावला होता. साधारण दोन ते चार आठवड्यांत माझ्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या टाके ओलांडून पलीकडे जातील, तोवर तग धरायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणूनच सर्जन दात्याच्या बाजूची श्वासवाहिनी शक्य तितकी आखूड ठेवतात, पुढच्या फाट्याच्या अगदी जवळ कापतात. जितका भाग लांब, तितकी उपासमार जास्त.

हे सगळं समजल्यावर मी आमच्या मुलीला या विषयाचं जे मिळेल ते फोनवर पाठवायला सांगितलं, आणि कळलं की फुप्फुस प्रत्यारोपणाचा सगळा इतिहासच या जोडाभोवती फिरला आहे. पहिलं मानवी फुप्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी अमेरिकेत मिसिसिपीतल्या जॅक्सन इथे डॉ. जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभरात चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले. बेल्जियममधला एक रुग्ण दहा महिने जगला, बाकीचे बहुतेक आठवड्याभरात किंवा महिन्याभरात गेले. पहिले काही दिवस ओलांडणाऱ्यांपैकी अनेकांचा घात श्वासवाहिनीचा जोड उसवल्यामुळे झाला. टोरांटोत डॉ. जोएल कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं, तेव्हा दिसलं की भरमसाट स्टिरॉइडमुळे हा जोड भरून येत नाही, आणि पोटातल्या ओमेंटम नावाच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्याने तो गुंडाळला तर काही दिवसांत त्याला नवं रक्त मिळू लागतं. त्याच सुमारास सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, त्यामुळे स्टिरॉइड कमी ठेवणं शक्य झालं. १९८३ मध्ये टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये टॉम हॉल या ५८ वर्षांच्या गृहस्थांवर कूपर यांनी एका फुप्फुसाचं प्रत्यारोपण केलं आणि ते सहा वर्षांहून अधिक जगले. आता शस्त्रक्रियेचं तंत्र सुधारल्याने ओमेंटम गुंडाळण्याची गरज सहसा पडत नाही. हे वाचलं त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली. माझी अडचण नवी नव्हती. ती ओळखीची होती, तिच्यावर माणसांनी आयुष्यं खर्ची घातली होती.

तग धरण्याचा तो काळ कष्टाचा होता. काळपट भाग सुटा होऊन नळी अडवू नये म्हणून ठरावीक दिवसांनी दुर्बीण घालून साफ करायचे. रक्त न पोचणाऱ्या पेशी मरतात, भिंतीचं अस्तर सोलवटतं, आणि अशा उघड्या जागेवर जंतूंना आयतं घर मिळतं. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नवी फुप्फुसं नाकारील. माझ्या बेडक्यात स्यूडोमोनस हा जंतू सापडला. ॲस्परजिलस ही बुरशी अशा जोडावर बसते, म्हणून तिच्यासाठी वाफेतून ॲम्फोटेरिसिन आणि पोटातून व्होरिकोनॅझोल सुरू झालं. व्होरिकोनॅझोलने रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वाढते, म्हणून टॅक्रोलिमसचा डोस कमी करून परत परत रक्त तपासायचे. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं, हे आमच्या यांनी इतकं मनावर घेतलं होतं की नर्स येण्याआधीच ते म्हणायचे, "थांब, आधी रक्त, मग गोळी."

सगळ्यात अवघड होतं खोकणं. फुप्फुसं काढताना त्यांच्या नसाही कापल्या जातात. टाक्यांच्या खाली बेडका साचला तरी मेंदूला निरोप जात नाही आणि खोकला येत नाही. घशाशी आल्यावरच कळतं. म्हणून खोकला लागो न लागो, घड्याळ लावून खोकायचं. फिजिओथेरपीला येणारी तमिळ मुलगी माझ्या छातीच्या टाक्यांवर घडी केलेला टॉवेल दाबून धरायची आणि म्हणायची, "अक्का, इरुमुंगा." खोका. छातीचा आडवा छेद प्रत्येक खोकल्याला ठणकायचा. ती पुन्हा म्हणायची, "इन्नोरु तडवै." आणखी एकदा. माझी मुलगी शोभेल एवढ्या वयाच्या त्या पोरीने मला जे शिकवलं ते आजही रोज सकाळी करते.

हळूहळू फोटोंमधला रंग बदलला. आधी करड्याचा फिका, मग कडेने गुलाबी, मग डाव्या बाजूला सगळं गुलाबी. उजवीकडेही अस्तर आलं. आम्ही पुण्याला परतलो. उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, कच्ची कोशिंबीर बंद, पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण त्यांनीही टॅक्रोलिमसची पातळी चढते. कुंडीतली माती हाताळायची नाही, गर्दीत मास्क. आणि रोज सकाळी घरच्या छोट्या स्पायरोमीटरमध्ये फुंकायचं. एका सेकंदात मी किती हवा जोराने बाहेर फेकू शकते, हे तो लिटरमध्ये दाखवतो. माझा आकडा २.१पर्यंत चढला होता. आमचे हे वहीत तो लिहून ठेवत.

काही महिन्यांनी एका सकाळी ते म्हणाले, "अगं, परत एकदा फुंक बघू."

"का हो?"

"१.८ दाखवतोय."

पुन्हा फुंकलं, तेवढंच आलं. ऑक्सिमीटर ९८ सांगत होता. मला काही जाणवतही नव्हतं, फक्त रात्री उजव्या कुशीवर वळलं की छातीत बारीक शीळ वाजायची. चेन्नईला कळवलं. आकडा १० टक्क्यांनी उतरला की वाट बघायची नाही, असं त्यांनी निघताना बजावून ठेवलं होतं. आठवड्याभरात तो १.६वर आला. सीटी स्कॅन झाला आणि पुन्हा दुर्बीण. उजव्या बाजूला टाक्यांच्या पुढे जी मधली नळी असते, ब्रॉन्कस इंटरमीडियस, ती आवळत चालली होती. एरवी सहज पुढे जाणारी, साधारण सहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण तिथे अडकली.

एकदा गुलाबी झालेला भाग का आवळला, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. उत्तर पुन्हा ऑक्सिजनपाशीच आलं. ऊती उपाशी पडली की तिथे दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे नव्या रक्तवाहिन्या बोलावण्याची धडपड. पेशींमधला ऑक्सिजन घटल्याची दखल घेणारी ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९चं नोबेल मिळालं. ती बातमी मी वर्गात फलकावर लावली होती. दुसरी म्हणजे व्रण भरण्याची घाई. ऑक्सिजन फार दिवस कमी राहिला, त्यात जंतुसंसर्गाची भर पडली, की व्रण गरजेपेक्षा जास्त वाढतो आणि आकसतो. गोल नळीतला व्रण आकसला तर नळीच आवळते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुर्बिणीतून बारीक प्रोब नेऊन श्वासवाहिनीच्या भिंतीतल्या ऑक्सिजनचं थेट मोजमाप केलं होतं. बसवलेल्या फुप्फुसांच्या भिंतीत तो कमी असल्याचं त्यांना दिसलं, आणि पुढे होणाऱ्या व्रणांशी याचा संबंध असू शकतो, असा विचार त्यांनी मांडला. बोटाच्या ऑक्सिमीटरने हे मोजता येत नाही. त्यामुळे ९८वर आम्ही दोघांनीही विसंबायचं सोडलं आणि वहीतल्या लिटरच्या आकड्याकडे लक्ष द्यायला लागलो.

उपचार सुरू झाले. आवळलेल्या जागी बारीक फुगा नेतात, त्यात सलाइन भरून तो फुगवतात, मिनिटभर धरतात आणि सोडतात. त्याला डायलेटेशन म्हणतात. त्या दिवशी श्वास मोकळा व्हायचा, आकडा चढायचा, शीळ थांबायची. काही आठवड्यांनी पुन्हा उतरायचा. पुणे-चेन्नईच्या खेपा सुरू झाल्या. पैसे, रजा, मुलीची परीक्षा, सगळ्यांची ओढाताण झाली. शेवटी भूल देऊन, कडक नळीची दुर्बीण घालून सिलिकॉनचा स्टेंट बसवला. स्टेंटने नळी उघडी राहते, पण ती तिथे परकी वस्तू असते. तिच्यावर बेडका चिकटतो, वाळतो, कडेला मांसाचे अंकुर फुटतात, जंतू ठाण मांडतात. सकाळी उठल्यावर आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध, मग तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ, मग ठरवून खोकणं, मग अँटिबायोटिकची वाफ, मग तोंड स्वच्छ धुणं. नेब्युलायझरचा कप दर वेळी धुऊन, उकळून, फडक्यावर पालथा घालायचा. तास-दीड तास त्यात जायचा. एकदा घरात पाहुणे होते म्हणून दुपारची वाफ लांबली, तर संध्याकाळी घट्ट गोळा घशाशी येऊन अडकला आणि आमच्या यांनी मला पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा तो सुटला. तेव्हापासून घरात लग्न असो की सण, वाफेची वेळ चुकत नाही.

वर्षभराने स्टेंट काढून पाहिला. नळी पहिल्यासारखी गोल नव्हती, पण उघडी राहिली. आता माझा आकडा १.८च्या आसपास टिकून आहे. २.१ पुन्हा आला नाही आणि बहुधा येणार नाही. पण मी पर्वतीच्या पायऱ्या थांबत थांबत चढते, घरी दहावीच्या मुलांना शिकवते, आणि एका श्वासात लांबलचक वाक्य पुरं करते. प्रत्यारोपणानंतरचे इतर धोके, विशेषतः दीर्घकाळाने फुप्फुस नाकारलं जाण्याचा, कुणालाच चुकलेले नाहीत; जगभरच्या नोंदींत या ऑपरेशननंतर निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांच्या पुढे जातात. मी ते जाणून जगते. मिळालेला प्रत्येक महिना मला हवा आहे.

यादीत नाव असलेल्या लोकांचे मला आता फोन येतात. सांगलीचे, अकोल्याचे, पणजीचे, एकदा तर बडोद्याच्या एका मराठी कुटुंबाचा. ते खर्चाचं विचारतात, दाता मिळायला किती वेळ लागतो ते विचारतात, ऑपरेशन किती तासांचं ते विचारतात. श्वासवाहिनीच्या जोडाबद्दल कुणी विचारत नाही, कारण त्याबद्दल कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं. जोडाची दुखणी सगळ्यांना होत नाहीत. वेगवेगळ्या केंद्रांच्या आकडेवारीत ती शंभरात दोघांपासून ते वीस जणांपर्यंत दिसतात, आणि बहुतेकांवर उपचार होतात. म्हणजे घाबरून मागे फिरण्याचं कारण नाही, पण तयारी न करण्याचंही नाही. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये या दुखण्यांची नीट वर्गवारी केली आहे: रक्त न पोचणं, जोड उसवणं, नळी आवळणं, नळीची भिंत लुळी पडणं. एवढं पक्कं ठाऊक असलेलं रुग्णाला आधी सांगायला काय हरकत आहे?

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, ऑपरेशनआधीच्या भेटीत हे विचारून घ्या. जोड तपासायला दुर्बीण केव्हा केव्हा घालणार? नळी आवळली तर फुगा आणि स्टेंटची सोय इथे आहे का? आपल्या गावाजवळ हे काम करणारे फुप्फुसतज्ज्ञ कोण, आणि ते तुमच्याशी बोलून उपचार करतील का? आता मुंबई-पुण्यातही प्रत्यारोपणं होऊ लागली आहेत, तेव्हा दूर ऑपरेशन झालेल्या रुग्णाला दुर्बिणीसाठी प्रत्येक वेळी हजार-बाराशे किलोमीटर जावं लागू नये. हॉस्पिटलांनी एकमेकांशी बोलून ही व्यवस्था लावली, तर माझ्यासारख्यांचे आठवडे वाचतील, आणि आवळत चाललेल्या नळीच्या बाबतीत आठवड्यांना फार किंमत असते. घरी स्पायरोमीटर घ्या, तो ऑक्सिमीटरपेक्षा महाग असला तरी घ्या. रोज एकाच वेळी फुंका, वहीत लिहा, आणि आकडा उतरायला लागला तर बोटावरच्या ९८कडे बघून थांबू नका, त्याच दिवशी कळवा.